कवटीवरचं शेवाळ, जखमेवरचं शेवाळ



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्यांच्याकडे मी वनस्पतिशास्त्र शिकले. पाऊस स्थिरावला की सर आम्हाला कॉलेजमागच्या जांभ्याच्या गडग्याकडे नेत, प्रत्येकाच्या हाती भिंग देत आणि दहा मिनिटं तिथून हलू देत नसत. पहिल्या मिनिटाला दगडावर नुसता हिरवा थर दिसे. जरा वेळानं त्या थरात पानं दिसू लागत, केसाएवढे देठ दिसत, देठाच्या टोकाला मोहरीहून लहान बोंडं दिसत. अशाच एका दिवशी सरांनी ओल्या दगडाला चिकटलेली एक चपटी, विभागलेली, पानासारखी दिसणारी वनस्पती दाखवली आणि तिच्या गटाचं मराठी नाव सांगितलं : यकृतका. आम्ही विचारलं, यकृताचा इथे काय संबंध? सर म्हणाले, 'काही नाही. पण नावात एक जुनं औषध अडकलंय. कधीतरी शोधून काढा.'

ते शोधायला मला फार वर्षं लागली. जे हाती आलं ते आज त्यांच्या नावाने मांडते आहे.

आधी शब्दाचं पाहू. मराठीत शेवाळ म्हटलं की विहिरीतलं बुळबुळीत हिरवं येतं, पायरीवरचं निसरडं येतं आणि भिंतीवरचं मखमलीसारखंही येतं. शास्त्र यांना वेगळं करतं : पाण्यातलं ते शैवल, भिंतीवरचं मखमली ते हरिता, आणि झाडाच्या सालीवर, खडकावर राखाडी पापुद्र्यासारखं वाढतं ते शैवाक. मराठी घरात या शैवाकाला दगडफूल म्हणतात आणि ते गोड्या मसाल्याच्या डब्यात असतं. जुन्या युरोपातही असाच घोटाळा होता. ग्रीकांचा 'ब्रायॉन' आणि लॅटिनमधला 'मुस्कुस' या शब्दांखाली हरिता, शैवाक, समुद्रातलं काही आणि डोंगरातलं काही असं सगळं एकत्र नांदत होतं. आज 'आइसलँड मॉस' म्हणून ओळखलं जाणारं छातीच्या विकारांवरचं औषध खरं तर शैवाक आहे आणि 'आयरिश मॉस' हे समुद्री शैवल. म्हणून जुन्या ग्रंथात शेवाळाचं औषध वाचलं की पहिला प्रश्न हा पडला पाहिजे की हे नेमकं कोणतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. आजच्या तुर्कस्तानातल्या अनाझार्बस गावचा. त्याचा औषधद्रव्यांवरचा ग्रंथ पुढे दीड हजार वर्षं युरोपात आणि अरब जगात प्रमाण मानला गेला. त्यात ब्रायॉन आहे. देवदारावर, पांढऱ्या पॉप्लरवर, ओकवर वाढणारं. देवदारावरचं सर्वांत चांगलं, पांढरं आणि सुवासिक. गुण तुरट. त्याच्या काढ्यात बसवून स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तक्रारींवर उपचार करावेत असं तो सांगतो. ओलसर खडकांना चिकटून राहणाऱ्या आणखी एका वनस्पतीचं वर्णन त्याने वेगळं केलं आहे. ती लावली की रक्त थांबतं आणि त्वचेवरचे चट्टे जातात, असं तो म्हणतो. ती आमच्या गडग्यावरच्या यकृतकेचीच जवळची नातेवाईक असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

हा ब्रायॉन अरबी वैद्यकात गेला तेव्हा त्याला 'उश्ना' हा शब्द मिळाला. भारतातले युनानी हकीम आजही उश्ना म्हणतात ते दगडफुलाला. आणि अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा हाच शब्द 'उस्निया' होऊन युरोपात परतला. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो फार विचित्र ठिकाणी भेटणार आहे.

आता यकृतकेकडे. सोळाव्या शतकाच्या युरोपात एक विचार फार जोरात होता : देवाने प्रत्येक औषधी वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण उमटवली आहे. आकार पाहा, रंग पाहा, रोग कळेल. स्विस वैद्य पॅरासेल्ससने (१४९३–१५४१) या विचाराला बळ दिलं. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५८८ मध्ये त्यावर सबंध ग्रंथ लिहिला आणि चित्रं शेजारी-शेजारी छापली, इकडे वनस्पती, तिकडे शरीराचा अवयव. ओल्या दगडावरची ती चपटी हिरवी वनस्पती यकृताच्या पाळ्यांसारखी दिसते, तेव्हा ती यकृताची. फुप्फुसासारखं खड्डे-खड्डे असलेलं शैवाक फुप्फुसाचं. आणि पॉलिट्रिकम नावाची उंच हरिता, जिच्या बोंडावर सोनेरी केसांची टोपी असते, ती केस वाढवणारी. खुद्द 'पॉलिट्रिकम' या नावाचा ग्रीक अर्थच 'पुष्कळ केस' असा आहे.

त्या काळातही सगळ्यांना हे पटलं नव्हतं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. फ्लँडर्सचा वनस्पतिज्ञ रेम्बर्ट डोडुन्स याने १५८३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं की ही खुणांची विद्या कोणाही प्रतिष्ठित प्राचीन लेखकाकडून आलेली नाही आणि ती इतकी अनिश्चित आहे की शास्त्र म्हणून स्वीकारता येणार नाही. म्हणजे शंका घेणारा माणूस त्या पिढीतच होता. त्याचं ऐकलं गेलं नाही एवढंच. यकृतकेचं नाव टिकलं, लॅटिनमध्ये 'हेपॅटिसी' झालं, आणि विसाव्या शतकात मराठीत परिभाषा घडवणाऱ्यांनी त्याचं प्रामाणिक भाषांतर केलं. अशा रीतीने सोळाव्या शतकातली एक खूण आमच्या वहीत आली.

इंग्लंडमध्ये निकोलस कल्पेपर याने १६५२ मध्ये सामान्य लोकांसाठी इंग्रजीत औषधी वनस्पतींचं पुस्तक काढलं. डॉक्टरांची विद्या लॅटिनमध्ये कोंडलेली असू नये, गरिबाला आपल्या कुंपणावरच्या पाल्याने बरं होता यावं, हा त्याचा ध्यास होता आणि त्यासाठी त्याने लंडनच्या वैद्यसंस्थेचा रोष ओढवून घेतला. त्याच्या पुस्तकात शेवाळावर छोटं प्रकरण आहे. ते शनीच्या अमलाखाली येतं. जमिनीवरचं शेवाळ मुतखड्यावर, ओकवरचं जुलाब, वांती आणि रक्तस्रावावर. आणि ज्या स्त्रियांना पाळीत जास्त रक्त जातं त्यांनी शेवाळाच्या काढ्याने अंग शेकावं. हे वाचताना मी थांबले. डायोस्कोरिडीसचा तोच काढा, जवळजवळ सोळाशे वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच शेवाळाचा. वनस्पती बदलली होती, ओळ तीच होती. ग्रंथ ग्रंथातून उतरत जातो तेव्हा असं होतं.

आता उस्निया. सतराव्या शतकातल्या युरोपीय औषधविक्रेत्याकडे 'उस्निया' मागितलं तर तो विचारू शकत होता : झाडावरचं की माणसाच्या कवटीवरचं? उघड्यावर पडलेल्या, पाऊस-वारा खाल्लेल्या मानवी कवटीवर जी हिरवी-करडी वाढ होई, ती खरवडून औषध म्हणून विकली जाई. नाकातून रक्त येणं, अपस्मार, जखमेतला रक्तस्राव यांवर ती देत. जॉन पार्किन्सन हा इंग्लंडच्या राजाचा वनस्पतिज्ञ. १६४० मध्ये त्याने सुमारे ३,८०० वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ छापला. त्यात ओक, गवत, गुलाब यांच्याबरोबर कवटीवरचं शेवाळही आहे. दुर्मीळ असल्यामुळे पूर्वीपासून त्याला मान होता, पण अलीकडे मागणी वाढली आहे, असं तो नोंदवतो. आणि जर्मन रसायनवैद्य ओस्वाल्ड क्रोल याच्या मते कवटी फाशी दिलेल्या किंवा शिक्षा म्हणून मारलेल्या माणसाची हवी, हेही सांगतो. कारण असं दिलं जाई की आजाराने झिजून मेलेल्याची जीवनशक्ती संपलेली असते. अचानक, धडधाकट असताना मेलेल्याची मात्र शरीरात उरते आणि ती कवटीवरच्या शेवाळात उतरते.

या कवट्या कुठून येत? इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये छापलेल्या ग्रंथात या शेवाळाचा उल्लेख आहे, आणि तिथे तो लिहितो की ते मिळणं अवघड असलं तरी आयर्लंडमध्ये मारलेल्यांचे ढीग पुरल्याविना पडलेले आहेत. एका वाक्यात, औषधाच्या कृतीच्या ओघात, हे येऊन जातं. इंग्लंडने आयर्लंड जिंकून घेण्यासाठी सोळाव्या शतकात चालवलेल्या युद्धांत किती गावं उजाड झाली, किती माणसं उपाशी मेली, याचे इतिहासग्रंथ आहेत. पण मला त्या युद्धाची खरी जाणीव या औषधाच्या नोंदीने दिली. ज्यांना मूठभर मातीही मिळाली नाही, त्यांच्या डोक्यावर वाढलेलं हिरवं परक्या शहरात विकलं गेलं.

आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट बॉइल. वायूच्या दाबाचा नियम त्याच्या नावाने आपण शाळेत शिकतो. एका उन्हाळ्यात त्याला वारंवार नाकातून रक्त येऊ लागलं. अनेक उपाय झाले. शेवटी आयर्लंडहून भेट म्हणून आलेलं कवटीवरचं शेवाळ त्याने वापरलं. नाकात घातलं नाही. ते नुसतं त्वचेला लागून थोडं ऊबदार होईपर्यंत ठेवलं आणि रक्त थांबलं, असं तो लिहितो. बॉइल खोटं लिहिणारा माणूस नव्हता. रक्त थांबलंच असणार. नाकातलं रक्त बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबतं. आपण ज्या क्षणी जे हातात धरलेलं असतं, त्याला श्रेय देतो. तुलनेसाठी शेवाळाविना किती वेळा थांबलं, हे मोजायची रीत अजून रुजायची होती. इतक्या काटेकोर माणसालाही ती चुकली, यावरून ती किती कष्टाने मिळवलेली रीत आहे हे समजावं.

याच शेवाळाचा सगळ्यांत गाजलेला उपयोग शस्त्राच्या मलमात होता. पॅरासेल्ससच्या नावाने चालणाऱ्या या मलमात कवटीवरचं शेवाळ, ममीचा चुरा, माणसाची चरबी, रक्त, जवसाचं तेल, लाल माती अशी द्रव्यं घालत. मलम जखमेला लावायचं नव्हतं. ज्या तलवारीने वार झाला त्या तलवारीला लावायचं. जखम पाण्याने धुवायची, स्वच्छ तागाच्या कापडात बांधायची आणि उघडायची नाही. तलवार दूर कुठेतरी मलम लावून ठेवलेली. आणि जखमा बऱ्या होत.

यावरून मोठा वाद पेटला. ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ता फान हेल्मोंट याने लोहचुंबक जसं दुरून ओढतं तसंच हेही नैसर्गिक आहे असं मांडणारं लेखन केलं. ते १६२१ मध्ये छापलं गेलं आणि त्यापायी त्याच्यावर धर्मन्यायालयाचा खटला चालला, नजरकैद झाली. इंग्लंडमध्ये विल्यम फॉस्टर नावाच्या पाद्र्याने १६३१ मध्ये हे मलम सैतानी आहे असं सांगणारी पुस्तिका काढली. तिच्या नावात मलम पुसून टाकणारा 'स्पंज' होता. तिची मुखपृष्ठं लंडनचा वैद्य रॉबर्ट फ्लड याच्या दारावर रात्री खिळ्याने ठोकण्यात आली. फ्लडने त्याच वर्षी उत्तर छापलं. त्याच्या शीर्षकात त्याने तो स्पंज पिळून काढला. एक म्हणे सैतान, दुसरा म्हणे निसर्ग. बेकनने मात्र आपल्याला अजून पूर्ण खात्री नाही अशी नोंद केली. आज आपल्याला उत्तर सोपं वाटतं. त्या काळात जखमेवर जे लेप लावत, त्यांत शेण असे, कुजलेली चरबी असे. त्यामुळे जखमा चिघळत. शस्त्राचं मलम जखमेपासून दूर राही आणि जखम धुऊन, झाकून, तशीच सोडली जाई. औषध तलवारीवर होतं म्हणूनच माणूस वाचत होता. दोन्ही पक्षांनी मलमाकडे पाहिलं. धुतलेल्या जखमेकडे कोणी पाहिलं नाही.

इथपर्यंत मी या जुन्या वैद्यांबद्दल आपुलकीने बोलले. एका औषधाबद्दल मात्र तसं बोलता येत नाही. कुत्र्याच्या चावण्यावर, म्हणजे पिसाळण्याच्या रोगावर, राखाडी रंगाच्या जमिनीवरच्या एका शैवाकाची भुकटी आणि काळी मिरी एकत्र करून ऊन दुधातून देत. लंडनचा अत्यंत प्रतिष्ठित डॉक्टर रिचर्ड मीड याने त्याचा पुरस्कार केला आणि १७२१ च्या लंडनच्या अधिकृत औषधिकोशात ते आलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये त्या शैवाकाला नाव देताना 'कॅनिनस', म्हणजे कुत्र्याचं, हा शब्द कायम ठेवला. आजही ते पेल्टिगेरा कॅनिना आहे. चावलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. ज्यांना झाला नाही त्यांच्या बरं होण्याचं श्रेय भुकटीला गेलं. ज्यांना झाला ते मेले. १८८५ मध्ये पाश्चरने लस टोचेपर्यंत या रोगावर जगात खरा उपाय नव्हता, हे मान्य. पण अधिकृत कोशात छापलेला खोटा दिलासा जखम धुण्याची, डागण्याची निकडही कमी करू शकतो, आणि त्याची किंमत फार मोठी असते. आपल्याकडेही कुत्रा चावल्यावर मिरची, चुना, मंत्र असं काहीबाही करत दोन दिवस घालवणारी घरं आहेत. म्हणून हे जरा जोर देऊन सांगितलं.

शेवाळाला शेवाळ म्हणून पाहणारा माणूस यायला अठरावं शतक उजाडावं लागलं, आणि तोही डॉक्टरच होता. योहान हेडविग. जर्मनीतल्या केमनिट्समध्ये वैद्यकी करायचा, रुग्ण पाहण्याआधी भल्या पहाटे वनस्पती गोळा करायचा आणि रात्री सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे अवयव तपासायचा. हरितांमध्येही नर आणि मादी इंद्रियं असतात हे त्याने दाखवलं. त्याच्या मृत्यूनंतर १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून आज हरितांची शास्त्रीय नावं मोजली जातात. त्या पानांत शनी नाही, यकृत नाही, कवटी नाही.

मग शेवाळाचं खरं औषध कुठे होतं? ते दलदलीत होतं, आणि या जाड ग्रंथांत त्याला कवटीइतकी जागा कधी मिळाली नाही. उत्तर युरोपच्या थंड दलदलींत स्फॅग्नम नावाची फिकट हरिता मैलोन्मैल पसरलेली असते. तिच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात : अरुंद, जिवंत, हिरव्या, आणि त्यांच्या मधे मोठ्या, मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या. पाणी या मेलेल्या पेशींत साठतं. वाळलेलं स्फॅग्नम आपल्या वजनाच्या वीस पट द्रव शोषतं, कापसाच्या कितीतरी पट. शिवाय त्याच्या पेशीभित्ती आजूबाजूचे क्षार धरून ठेवतात आणि आम्ल सोडतात, त्यामुळे जिवाणूंना तिथे वाढणं जड जातं. याच गुणामुळे डेन्मार्कच्या दलदलीत १९५० मध्ये सापडलेल्या, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हनुवटीवरचे खुंटही शाबूत होते.

आल्प्समधल्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा तो 'हिममानव' आपण ऐकून आहात. त्याच्या आतड्यात अनेक हरितांचे तुकडे मिळाले. ग्लासगोचे जेम्स डिक्सन यांनी ते ओळखले. त्यांत स्फॅग्नमही होतं. त्याच्या हाताला मोठी जखम होती. जखमेवर त्याने हे शेवाळ बांधलं असावं आणि त्याच हाताने खाताना त्याचे कण पोटात गेले असावेत, असा डिक्सन यांचा तर्क आहे. मध्ययुगीन वस्त्यांच्या शौचखड्ड्यांत पुसण्यासाठी वापरलेल्या हरिता ढिगाने सापडतात. १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत जखमी स्कॉट सैनिकांनी जखमांत शेवाळ आणि गवत कोंबून रक्त थांबवलं, असं सांगितलं जातं. लिनीअस १७३२ मध्ये लॅपलँडला गेला तेव्हा तिथल्या सामी बायका पाळण्यात तान्ह्याखाली वाळवलेलं स्फॅग्नम घालताना त्याने पाहिल्या; बाळ कोरडं राही. हे पाळण्यातलं ज्ञान होतं, आणि बाईच्या हातातलं. वैद्याच्या ग्रंथाची त्याला गरज पडली नाही.

१८८० च्या दशकात उत्तर जर्मनीत दलदलीतून पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणणाऱ्या एका मजुराच्या हाताला मोठी जखम झाली. जवळ काहीच नव्हतं म्हणून त्याने हातात आलेलं शेवाळ गुंडाळलं. दहा दिवसांनी शल्यवैद्यांनी ते सोडलं तेव्हा जखम स्वच्छ, भरत आलेली होती. कीलचे शल्यवैद्य नॉयबर यांनी मग त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा कापूस स्फोटकांसाठी हवा होता. एडिंबराचे शल्यवैद्य चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी स्फॅग्नमची बाजू मांडली. स्कॉटलंड, आयर्लंड, डार्टमूर इथे शाळकरी मुलं, म्हाताऱ्या बायका दलदलीत उतरून शेवाळ गोळा करत, काड्या वेचत, वाळवत आणि मलमलीच्या पिशव्यांत सुमारे दोन-दोन औंस भरत. १९१८ पर्यंत महिन्याला दहा लाखांच्या आसपास पट्ट्या ब्रिटिश रुग्णालयांत जात होत्या. आयर्लंडच्या शेवाळाने या वेळी खरोखर रक्त थांबवलं.

सरांनी सांगितलेलं औषध शोधताना मी पोचले ती इथे. यकृतकेत यकृताचं औषध नव्हतं. कवटीवर जीवनशक्ती नव्हती. ग्रंथकारांनी शेवाळात अर्थ शोधला. दलदलीतल्या माणसांनी ते पिळून पाहिलं, आणि या दुसऱ्या पाहण्यावर माझी श्रद्धा आहे.

आपल्याकडे डाळिंबाची, पेरूची, लिंबाची गुटी कलमं करणाऱ्या कोणत्याही माळ्याकडे येत्या पावसाळ्यात जा. तो पेन्सिलीएवढ्या फांदीची दोन-तीन सेंटीमीटर साल गोल कापून काढतो, त्या उघड्या जखमेवर ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम बसवतो आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतो. तो त्याला नुसतं 'मॉस' म्हणतो. महिना-दीड महिन्यात त्या पट्टीतून पांढरी मुळं दिसू लागतात.